कॉफीला आलेली भाडेकरू

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होल्गर माइनकेन थांबले. मला वाटलं, दम लागला असेल. जिना उभा होता आणि पायऱ्या अरुंद. पण ते माझ्याकडे वळले, कठड्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वर जाण्याआधी एक विनंती आहे. आई घरात आहे. घर भाड्यानं द्यायचंय हे तिला माहीत नाही."

माझं जर्मन तेव्हा बेतासबातच होतं. आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असं समजून मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी तेच वाक्य, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा म्हटलं.

"मग मी कोण?" मी विचारलं.

"माझ्या ओळखीच्या. शहरात नव्या आहात, एकट्या आहात, म्हणून मी रविवारच्या कॉफीला बोलावलं." मग जरा ओशाळून म्हणाले, "घर नीट पाहून घ्या. फक्त पाहताय असं वाटू देऊ नका."

खरं तर तिथूनच मागं फिरायला हवं होतं. अकोल्यात असते तर फिरलेही असते. पण ब्रेमेनमध्ये घर शोधणाऱ्या माणसाला असा तोरा परवडत नसे. मी मान डोलावली आणि त्यांच्या मागून वर चढू लागले.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कापसातली बाई. इचलकरंजीला वस्त्रोद्योगाचं शिक्षण घेतलं, अकोल्यात कापसाच्या तंतूंवर काम केलं आणि त्याच कामासाठी ब्रेमेनच्या एका प्रयोगशाळेनं मला बोलावून घेतलं. उत्तर जर्मनीतलं हे जुनं बंदराचं शहर. देशोदेशीचा कापूस पूर्वी इथे उतरायचा, म्हणून त्याची पारख करणारी माणसंही इथेच जमलेली. मी ऑगस्टात एकटीच आले. नवरा, दिगंबर, आणि सहा वर्षांची ऋजुता अकोल्यालाच होती. त्यांना आणायचं तर माझ्या नावावर पुरेसं मोठं घर आहे हे सरकारी कचेरीत दाखवावं लागणार होतं. मी राहत होते प्रयोगशाळेच्या पाहुण्यांसाठीच्या एका खोलीत, आणि तीही वर्षअखेरीला सोडायची होती.

फोनवर माझा उच्चार ऐकला की घर नुकतंच गेलेलं असे. म्हणून माझी सहकारी आंके माझ्या वतीनं फोन करू लागली. मग घर असे, पण मी दारात उभी राहिले की जाई. एका बाईंनी मी काय शिजवते ते विचारलं, आणि फोडणी म्हणजे काय हे समजावून सांगता सांगता मीच ते घर घालवलं. एका ठिकाणी स्वयंपाकघरात भिंतीतून नुसत्या नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या. ओटा, शेगडी, बेसिन, सगळं आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला होता. इथे तशीच रीत आहे, असं आंकेनं सांगितलं. ऋजुता दर फोनवर विचारायची, "आई, आपलं घर सापडलं का?" जणू ते माझ्याच हातून कुठेतरी हरवलं होतं.

तर अशा दिवसांत माइनकेन यांची जाहिरात आंकेला दिसली. ते फोनवर माझ्याशी नीट बोलले, कापसाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि रविवारी दुपारी बोलावलं. कॉफीचं सोंग मात्र जिन्यातच कळलं.

दार माइनकेनबाईंनीच उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, ताठ. काठी मनगटाला अडकवलेली, पण टेकलेली नाही. तिथे दिवसाच्या कुठल्याही वेळी म्हणतात तसं त्यांनी मला "मोइन" म्हटलं, हात घट्ट दाबला आणि माझा ओला कोट स्वतः काढून घेतला. होल्गरनी ठरल्याप्रमाणे माझी ओळख करून दिली. नवी आहे, एकटी आहे, भारतातून आली आहे. बाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या.

बैठकीची खोली पाहिली आणि माझा जीवच बसला तिथे. रस्त्याच्या बाजूला दोन उंच खिडक्या, जुनी लाकडी जमीन, आणि मागच्या बाजूला एक छोटी गच्ची, तिच्या खाली चेस्टनटची झाडं. शेजारच्या एका लहान खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्यातून निळसर कागद चिकटवलेली भिंत दिसत होती. ती ऋजुताची खोली, असं मी बसायच्या आधीच मनाशी ठरवून टाकलं. मग स्वतःला आवरलं. पाहताय असं वाटू द्यायचं नव्हतं ना. मी छताकडे पाहत कॉफीची स्तुती केली, खिडकीकडे पाहत हवेबद्दल बोलले. हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात गेले आणि दार लावून नळ सोडून पाहिले, गरम पाणी किती वेळात येतं ते पाहिलं. चोरी करायला आल्यासारखं वाटत होतं.

टेबलावर होल्गर आईच्या तब्येतीबद्दल बोलत होते. उन्हाळ्यात ती जिन्यात पडली होती. आता थंडीपुरती ती त्यांच्या गावाजवळच्या एका वृद्धांच्या घरात राहायला जाणार होती. तिथे व्यायाम करून घेतात, डॉक्टर असतो. वसंत आला की परत इथे. "थंडीपुरतं," असं त्यांनी दोनदा म्हटलं. बाईंनीही दोनदा मान हलवली.

मग त्या काठी न टेकताच उठल्या आणि मला म्हणाल्या, केक कापायला जरा मदत हवी आहे.

स्वयंपाकघराचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. सुरी माझ्या हातात दिली. "तर तुम्ही घर पाहायला आलात," त्या म्हणाल्या.

मी सुरी तशीच धरून उभी राहिले.

"अहो, होल्गरनं आयुष्यात कधी कुणाला कॉफीला आणलेलं नाही. आता दर रविवारी कुणीतरी येतं. मागच्या खेपेला एक जोडपं आलं होतं, विमा कंपनीतलं म्हणे. ती मुलगी बोलता बोलता डोळ्यांनी माझ्या खिडकीची रुंदी घेत होती. पडद्यासाठी." त्या हे चिडून सांगत नव्हत्या. उलट त्यांना जरा गंमतच वाटत होती.

"मग तुम्ही होल्गरना बोलून का दाखवत नाही?"

"काय बोलू? त्याला वाटतं, हे घर सुटलं तर मी जगणार नाही. लग्न होऊन मी इथे आले, तो या घरात वाढला, त्याचे वडील इथेच गेले. उद्या मीच म्हटलं की मला जायचंय, तर त्याला वाटेल, ही माझ्यासाठी म्हणतेय. आधीच त्याला झोप लागत नाही."

"पण तुम्हाला खरंच जायचंय?"

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. "जिना उतरला की मला आधी वाटतं, आता हा चढायचाय. म्हणून मी उतरतच नाही. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, आणि जेवताना समोर कुणीतरी बसलेलं असतं. हो, जायचंय मला." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एकच वाटतं. माझ्या वस्तू मला माझ्या हातानं द्यायच्या होत्या. कुणाला काय, ते माझ्या मनात पक्कं आहे. पण मी वाटायला बसले तर त्याला कळेल ना, की मला कळलंय."

त्याला सांगू नका, एवढं म्हणून त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली, केक स्वतःच कापला, आणि कापता कापता मला घर दाखवलं. जिन्याच्या वळणावर जे मला बजावलं होतं, त्याच्या बरोबर उलट. ही खिडकी पावसात फुगते, वरच्या कोपऱ्यात मूठ मारायची. खालच्या मजल्यावर बासरी वाजवणारा मास्तर राहतो, वाईट वाजवतो पण जेवणाच्या वेळेला थांबतो. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात, दुपारचं निळ्या खोलीत. रविवारी गच्चीत कपडे वाळत घालायचे नाहीत, समोरच्या बाईला ते खपत नाही. कुणी इतक्या आपलेपणानं मला घर दाखवेल, असं त्या शहरात मला वाटलं नव्हतं.

आम्ही केक घेऊन बाहेर आलो आणि पुन्हा पाहुणी आणि यजमान झालो.

निघताना होल्गर मला खालपर्यंत सोडायला आले. घर आवडलं का, विचारलं. मी हो म्हणाले. आवाजातला आनंद मला लपवता आला नसावा. त्यांनाही मी पसंत होते. आईलाही तुम्ही आवडलात, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा आलात तर सगळं पक्कं करू. डिसेंबरच्या मध्यावर आई जाईल, त्यानंतर ते माणसं लावून घर रिकामं करून घेतील. वापरण्याजोगं दान देतील, बाकीचं टाकतील. मी विचारलं, आईंना कधी सांगणार? तिथे रुळली की, ते म्हणाले. वसंतात, कदाचित. बोलताना ते माझ्याकडे न पाहता हातातल्या किल्ल्यांकडे पाहत होते. हा माणूस वाईट नव्हता. आईला जिन्यात पडलेलं त्यांनीच पाहिलं होतं, आणि त्या दिवसापासून ते घाबरलेले होते.

त्या संध्याकाळी मी फोनच्या दुकानातून अकोल्याला फोन लावला आणि दिगंबरला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे पाहा अलका, तो त्यांच्या घरातला मामला आहे. दोघंही सांगू नको म्हणतात, तर तू कशाला तोंड उघडते? घर मिळतं आहे. इथे पोरगी रोज तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसते." त्याचं काहीही चुकत नव्हतं. फोन ठेवताना मी तसंच करायचं ठरवलं होतं.

आठवडाभर मी कामावर खूश होते. आंकेला निळ्या खोलीबद्दल सांगितलं. ऋजुताचा पलंग कुठे ठेवायचा, ते मनात दोनदा बदलून झालं. मधूनच बाईंच्या काचेच्या कपाटातली ती पातळ, निळ्या कडेची कपबशी डोळ्यांसमोर यायची आणि मी घाईनं दुसऱ्या कशाचा तरी विचार करायची.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच टेबल, तीच कॉफी, या खेपेला सफरचंदाचा केक. होल्गर खुशीत होते. सगळं मनासारखं जुळून आलं होतं. आता फक्त मी जाताना खाली जिन्यात हो म्हणायचं होतं. ते आईला म्हणाले, "वसंतात तू परत आलीस ना, की आपण स्वयंपाकघराला रंग देऊ. कोणता देऊ या?"

बाईंनी विचार केला. खरोखर विचार करताहेत असा चेहरा केला. "पिवळा," त्या म्हणाल्या. "पण फिकट. भडक नको."

"फिकट पिवळा," होल्गरनी गंभीरपणे मान हलवली.

दोघंही आपापल्या बशीत पाहत होते. कुणालाच केक खाववत नव्हता. त्या रंगाबद्दल ते आणखी बोलत राहिले, छताला पांढरा ठेवावा का वगैरे.

मराठीत मला हे सांगायचं असतं तर मी वळणावळणानं गेले असते. आधी घराचं कौतुक केलं असतं, मग माझ्या कुठल्याशा मावशीची गोष्ट सांगितली असती, मग 'माझं बोलणं मनावर घेऊ नका' म्हणून हळूच मूळ गोष्ट काढली असती. बहुतेक तेवढ्यात माझा धीर सुटून विषयही बदलला असता. पण जर्मनमध्ये माझ्याजवळ वळणं नव्हती. लहान मुलाजवळ असतात तेवढी छोटी, सरळ वाक्यं होती.

"होल्गर," मी म्हणाले. "तुमच्या आईला माहीत आहे. मी घर पाहायला आले. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यांनी काटा खाली ठेवला.

मी बाईंकडे वळले. "माफ करा. तुम्ही म्हणालात, सांगू नका. पण तुम्हाला वस्तू द्यायच्या आहेत. हातानं द्यायच्या आहेत. त्यासाठी बोलायला पाहिजे. तुम्हाला जायचंय. त्यांना तुम्हाला पाठवायचंय. दोघांना एकच गोष्ट पाहिजे. आणि तुम्ही रंगाबद्दल बोलता."

एवढंच. माझ्याजवळचे शब्द संपले होते.

खालून मास्तरांची बासरी ऐकू येत होती. होल्गरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्या नजरेत जे होतं त्यावरून मला कळलं की घर गेलं.

"आई, तुला कुणी सांगितलं?" अखेर ते म्हणाले.

"तूच," बाई म्हणाल्या. "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही."

ते उठले आणि गच्चीचं दार उघडून बाहेर गेले, तसेच, कोटाशिवाय. बाहेर बोचरं वारं होतं. बाई उठल्या, खुंटीवरचा होल्गरचा कोट काढला, या खेपेला मात्र काठी टेकली, आणि त्यांच्या मागून गच्चीत गेल्या. काचेतून मला दिसत होतं. तो कोट मुलाच्या खांद्यावर घालायला बाईंना टाचा उंच कराव्या लागल्या. होल्गर पाठमोरे होते. आधी ते वळले नाहीत. मग वळले. काय बोलले ते ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकायचा मला अधिकारही नव्हता. मी माझा कोट घेतला, दार हलकेच ओढून घेतलं आणि जिना उतरले.

परत जाताना नदीवरच्या पुलावर मी बराच वेळ उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मला आई आठवत होती.

माझी आई अकोटच्या घरी वारली, ऋजुताच्या जन्माच्या आदल्या वर्षी. आजार काय आहे ते डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, बाबांनी आम्हा भावंडांना, आणि आईला सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. ती बरी होणार, असंच घरात बोललं जायचं. पुढच्या दिवाळीला अनारसे करायचे, अंगणात तुळशीला नवा कट्टा बांधायचा. आईही बोलायची. कट्ट्याला फरशी कुठली लावायची, ते तिनंच सुचवलं होतं. ती गेल्यावर वहिनीनं तिची कोठीची खोली उघडली, तर फळीवर ओळीनं गाठोडी मांडलेली. जुन्या लुगड्यांत नीट बांधलेली. एकात पितळी डबे, एकात तिची दोन रेशमी लुगडी, एकात चांदीचा करंडा आणि आजीची समई. कधी तरी, आम्ही आसपास नसताना, तिनं एकेक करून ती बांधली होती. तिला सगळं माहीत होतं. पण कोणतं कुणासाठी, हे आम्हाला सांगायचं तर तिला आमच्यासमोर म्हणावं लागलं असतं, की मी जाणार आहे. ते आमच्यासाठी तिनं म्हटलं नाही. आम्ही सगळे त्या गाठोड्यांसमोर बसून राहिलो, आणि कुणी कशाला हात लावावा तेच समजेना. अजूनही त्यातलं एक तसंच बांधलेलं बाबांच्या खोलीत होतं.

हे मी दिगंबरलासुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री फोनवर एवढंच म्हणाले, की ते घर गेलं, दुसरं पाहते. त्यानं कारण विचारलं नाही. "बरं, पाहू," म्हणाला. मला कळलं, की त्याला कारण समजलं आहे आणि तो मला बोलत नाहीये.

मग पुन्हा घरं पाहणं सुरू झालं. रेल्वेमार्गालगतचं एक पाहिलं, तळघरातलं एक पाहिलं. ते तळघरातलं मी घेतलंही असतं, पण ते लोक मला द्यायला तयार नव्हते. आंकेनं तिच्या घरी महिनाभर राहायला बोलावलं. पण त्यानं माझी माणसं येऊ शकणार नव्हती. डिसेंबर उजाडला. दुकानांतून दिवे लागले, चौकात जत्रेसारखी लाकडी दुकानं उभी राहिली, आणि माझ्या खोलीच्या दाराला पुढच्या पाहुण्याच्या नावाची चिठ्ठी आधीच लागली.

एके दिवशी प्रयोगशाळेत आंकेनं मला हाक मारली आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून माइनकेनबाईंचा आवाज. त्यांना माझं आडनाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कापसाची भारतीय बाई पाहिजे असं सांगितलं होतं म्हणे.

"शनिवारी मोकळ्या आहात?" त्यांनी विचारलं. "जुने कपडे घाला. धूळ खूप आहे."

शनिवारी मी गेले तर घराची पार जत्रा झालेली. कपाटं उघडी, जमिनीवर वस्तू पसरलेल्या, आणि मधोमध खुर्ची टाकून बाई बसलेल्या. हातातल्या काठीनं त्या दाखवत होत्या आणि होल्गर खोकी भरत होते. नवऱ्याची फरची टोपी समोरच्या ट्रामचालकाला, कारण तो त्याच्याबरोबर मासे धरायला जायचा. शिवणयंत्र भाचीला. शब्दकोश खालच्या मास्तरांना. बासरीची पुस्तकं मिळाली असती तर तीच दिली असती, असंही म्हणाल्या. एकेका वस्तूबरोबर एक हकिगत यायची, आणि काही हकिगती होल्गरनाही ठाऊक नव्हत्या. ते मध्येच थांबून विचारत, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस." बाई म्हणत, "तू विचारलं नाहीस." पण हे भांडण नव्हतं. दुपारी एका जुन्या पावाच्या डब्यावरून दोघं इतके हसले, की बाईंना पाणी द्यावं लागलं.

निळ्या कडेच्या कपबश्या त्यांनी स्वतःबरोबर न्यायला ठेवल्या. मला ते बरं वाटलं.

होल्गर दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. शिवणयंत्र खाली नेताना मी एका बाजूला हात लावला होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही ते टेकवलं. तिथे ते म्हणाले, "त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता. अजून थोडा आहे."

"असू दे," मी म्हणाले.

"तुम्ही बोलला नसतात, तर मी हे सगळं माणसं लावून उचलायला देणार होतो." त्यांनी यंत्राच्या लाकडी झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "धरा तुमची बाजू. आईनं स्वयंपाकघरातलं काहीही हलवायचं नाही असं सांगितलंय. ते सगळं तुमच्यासाठी राहणार आहे."

म्हणजे घर मला मिळालं, हे मला असं, हातात वजन असताना कळलं.

बाई गेल्या त्या दिवशी मीही होते. त्यांनी खोल्यांतून फेरी मारली नाही, भिंतींना हात लावला नाही. कोट घातला, टोपी नीट केली आणि एका हातानं कठडा धरून हळूहळू खाली उतरल्या. शेवटची पायरी झाल्यावर वर वळून पाहत म्हणाल्या, "झालं. आता हा परत चढायचा नाही." आणि गाडीत बसल्या.

फेब्रुवारीत दिगंबर आणि ऋजुता आले. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला होता, आणि निळी खोली तिला इतकी आवडली, की दोन दिवस ती तिथून जेवायलासुद्धा बाहेर येईना. दिगंबरनं फुगलेल्या खिडकीला बरोबर कोपऱ्यात मूठ मारायला शिकून घेतलं. पहिल्या रविवारी मी पोळ्या करत होते, वरणाला फोडणी दिलेली होती, घरभर हिंगाचा वास होता, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

मी पिठाच्या हातांनीच दार उघडलं. पायपुसण्यावर माइनकेनबाई उभ्या होत्या. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती, गाल तांबडे झाले होते. खाली होल्गर गाडी लावत असल्याचा आवाज येत होता. बाईंच्या हातात कापडात गुंडाळलेला एक पाव आणि मिठाची छोटी पुडी होती. नव्या घरात आलेल्या माणसाला तिथे तसं देतात. या दारातून त्या किती हजार वेळा आत गेल्या असतील. पण आज त्या पायपुसण्यावरच थांबल्या होत्या. बूट नीट पुसले, मग पुन्हा पुसले, आणि माझ्या खांद्यावरून आत न डोकावता, सरळ माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"

"या," मी म्हणाले.

जर्मनमध्ये त्याचा अर्थ होतो 'हो', आणि त्यांना तोच ऐकू आला असणार. मी मात्र मराठीत म्हटलं होतं, आपल्या घराच्या दारात उभं राहून म्हणतात तसं. त्यांनी मान हलवली, आणि पाव माझ्या हातात देऊन त्या आत आल्या.